उपविजेत्याचे पुढचे वर्ष

दिवाळी अंकात गोड लिहावे असा संकेत आहे. पण मी नंदुरबारचा. आमच्या गावाची ओळख मिरचीची. हंगामात पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडली म्हणजे येणारा पाहुणा आधी शिंकतो आणि मग रामराम घालतो. तेव्हा या फराळाच्या ताटात चिवड्यातली मिरची तेवढी माझ्या वाट्याला आली आहे असे समजून वाचकांनी ती गोड करून घ्यावी.

भांडण आहे ते एका क्रिकेट संघावरून. 'रायझिंग पुणे सुपरजायंट' असे त्याचे भारदस्त नाव. आयपीएलमध्ये हा संघ २०१६ आणि २०१७ अशी दोनच वर्षे खेळला. दुसऱ्या वर्षी तो अंतिम सामन्यात एका धावेने हरला, उपविजेता ठरला आणि नाहीसा झाला. हरला म्हणून नव्हे. जिंकला असता तरी नाहीसाच व्हायचा होता! माझे भांडण पराभवाशी नाही. पराभव हा मास्तराच्या घरचा नेहमीचा पाहुणा. त्याच्यासाठी मी मुकाट्याने पान वाढतो. माझे भांडण त्या नाहीसे होण्याशी आहे. आणि त्याहूनही अधिक, 'अहो, हा व्यवहार आहे, चालायचेच' असे म्हणून ज्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर हा विषय गिळून टाकला, त्या आमच्यातल्याच शहाण्यांशी आहे.

हा संघ जन्माला कसा आला ते आधी पाहू. चेन्नई आणि राजस्थान या दोन संघांशी संबंधित माणसे सट्टेबाजीच्या प्रकरणात सापडली. न्यायमूर्ती लोढा समितीने जुलै २०१५ मध्ये दोन्ही संघांना दोन वर्षांसाठी बाहेर बसवले. आता आठ संघांच्या स्पर्धेत सहाच उरले, तर दूरदर्शन संचापुढे बसणाऱ्यांचे आणि जाहिरातदारांचे काय व्हायचे? म्हणून डिसेंबर २०१५ मध्ये दोन बदली संघांचा लिलाव झाला. लिलावही उलटा! क्रिकेट मंडळाकडून जो सर्वांत कमी पैसे मागेल त्याला संघ मिळायचा. पुण्याच्या संघासाठी कोलकात्याच्या एका मोठ्या उद्योगसमूहाने काही मागितले तर नाहीच, उलट वर्षाला १६ कोटी रुपये आपणच मंडळाला देऊ म्हणून सांगितले. आमच्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे मोठमोठे सौदे होतात, पण विकणाऱ्याने पैसे द्यायचे की घेणाऱ्याने, हा घोटाळा तिथे अजून तरी झालेला नाही.

या उद्योगसमूहाच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे आर, पी, एस, जी अशी आहेत. आता संघाचे नाव एकदा सावकाश म्हणून पाहा: रायझिंग, पुणे, सुपर, जायंट. पुणे हे गाव त्यात नेमके कितव्या अक्षराच्या सोयीचे पडले ते वाचकांनीच ठरवावे. पहिल्या वर्षी हे 'सुपरजायंट्स' होते, म्हणजे अनेकवचनी. आठांत सातवा क्रमांक आल्यावर दुसऱ्या वर्षी शेवटचा 'स' काढून ते एकवचनी करण्यात आले. वचन बदलल्याने क्रमांक सुधारतो असे मी आजवर एकाही विद्यार्थ्याला शिकवलेले नाही. पण यांचा सुधारला खरा!

पहिल्या वर्षाबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. महेंद्रसिंग धोनी कर्णधार असून चौदांपैकी पाचच सामने जिंकले. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्र तहानेने व्याकूळ झाला होता. लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले. न्यायालयाचे योग्यच होते. सातपुड्यात डोक्यावर हंडा घेऊन डोंगर चढणाऱ्या बायका मी रोज पाहतो. मैदानाच्या हिरवळीसाठी मी पाणी मागणार नाही. मात्र त्यामुळे पुण्याच्या संघाचे उरलेले घर विशाखापट्टणमला गेले. ज्या संघाला मुळात घर नाही, त्याला बिऱ्हाड हलवायला कितीसा वेळ लागणार?

खरी कथा २०१७ ची आहे. धोनीचे कर्णधारपद काढून ते ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथला दिले. इंग्लंडचा बेन स्टोक्स साडेचौदा कोटींना घेतला. पहिला सामना गहुंज्याच्या मैदानावर मुंबईविरुद्ध जिंकला. मग लागोपाठ तीन हरले, त्यातला एक दिल्लीविरुद्ध तब्बल ९७ धावांनी. गावोगावच्या पानपट्ट्यांवर पुण्याच्या नावाने विनोद सुरू झाले. (पुण्याच्या नावाने विनोद करायला आम्हा खानदेशी माणसांना निमित्त लागत नाही, हे इथे कबूल केले पाहिजे.) आणि मग हा संघ उठला. उरलेल्या दहांतले आठ सामने त्याने जिंकले. स्टोक्सने गुजरातविरुद्ध पडझड झालेली असताना नाबाद शतक ठोकले. जयदेव उनाडकट या डावखुऱ्या मध्यमगती गोलंदाजाला तोवर कोणी फारसे विचारत नव्हते. त्याने हंगामात २४ बळी घेतले आणि हैदराबादविरुद्ध तर त्रिक्रम केला. रविचंद्रन अश्विन दुखापतीमुळे खेळू शकला नाही, त्याच्या जागी आलेला वॉशिंग्टन सुंदर अवघा सतरा वर्षांचा होता.

पण माझ्या मनात घर केले ते राहुल त्रिपाठीने. रणजी सामन्यांत महाराष्ट्राकडून खेळणारा हा मुलगा. लिलावात त्याची किंमत दहा लाख. म्हणजे एका स्टोक्सच्या पैशात एकशे पंचेचाळीस त्रिपाठी आले असते! या दहा लाखांच्या मुलाने हंगामात ३९१ धावा केल्या; कोलकात्यात जाऊन ५२ चेंडूंत ९३ काढल्या. संगमनेर तालुक्यात जन्मलेला आणि डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणे, पालघरचा शार्दूल ठाकूर आणि हा त्रिपाठी असे महाराष्ट्रातल्या मैदानांवर घडलेले तिघे त्या संघात होते. बाकीचे देशोदेशीचे. 'मग तो मराठी संघ कसला?' असे एक शहाणे मला विचारते झाले. पंढरीच्या वाटेवर कर्नाटकातूनही दिंड्या येतात, म्हणून वारी परकी होते का? छातीवर ज्या गावाचे नाव, त्या गावचा तो खेळाडू. निदान खेळ चालू असेपर्यंत तरी!

साखळीत पुणे दुसरे आले. मुंबईला त्यांनी साखळीत दोनदा हरवले होते. १६ मे रोजी पात्रता सामन्यात वानखेडे मैदानावर, म्हणजे मुंबईच्या घरात शिरून, तिसऱ्यांदा हरवले. त्या दिवशी पोरसवदा सुंदरने १६ धावांत तिघांना घरी पाठवले.

आणि मग २१ मे, रविवार. हैदराबादचे उप्पल मैदान. चौथ्यांदा तेच दोन संघ. मुंबईची अवस्था सात बाद ७९. कृणाल पंड्याच्या ४७ धावांमुळे त्यांनी कशाबशा १२९ केल्या. पुण्याला १२० चेंडूंत १३० हव्या होत्या. आमच्या गल्लीतली पोरे फटाके आणायला बाजारात धावली; निम्मी मुंबईची, निम्मी पुण्याची, पण फटाका कोणाचाही चालतो. नंदुरबारहून सुरत जवळ, पुणे दूर, रात्रभर एस.टी.त बसल्याखेरीज आम्हाला पुणे दिसत नाही. तरी त्या रात्री पुणे आमच्या ओट्यावर येऊन बसले होते. रहाणेने ४४ केल्या. स्मिथ ठाम उभा होता. शेवटच्या षट्कात ११ हव्या होत्या आणि चेंडू मिचेल जॉन्सनच्या हातात. पहिल्या चेंडूला मनोज तिवारीचा चौकार. दुसऱ्या चेंडूला तिवारी बाद. तिसऱ्याला ५१ धावांवर स्मिथ बाद. एक, मग दोन. शेवटच्या चेंडूवर चार हव्या. डॅनियल ख्रिश्चनने चेंडू दूर मारला, दोन धावा पळून काढल्या. तिसरी झाली असती तर बरोबरी होती, तिच्या मागे धावताना धावचीत. एकूण १२८. एका धावेने पराभव.

यात लाज कसली? मुंबई त्या दिवशी चांगली खेळली, जिंकली. वर्षभरात चारपैकी तीन वेळा हरवलेला प्रतिस्पर्धी चौथ्यांदा नेमक्या वेळी जिंकतो, यालाच खेळ म्हणतात. घरी वादावादी झाली, कोणी जेवले नाही, कोणी स्मिथला शिव्या घातल्या, आणि सगळे झोपायला जाताना एकच वाक्य बोलले: 'पुढच्या वर्षी बघू.'

वाचकहो, माझा सगळा लेख या एका वाक्यावर उभा आहे. विजेत्याजवळ चषक असतो, छायाचित्रे असतात, मिरवणूक असते. उपविजेत्याची मिळकत एकच: पुढचे वर्ष. त्या एका धावेचे दुःख तो त्याच गाठोड्यात बांधून ठेवतो. ते गाठोडे कोणी काढून घेतले, तर तो हरलेलाही राहत नाही. तो मुळी खेळलाच नव्हता, असे होते.

पुण्याचे ते गाठोडे काढून घेतले गेले. २०१८ साली दोन वर्षांची शिक्षा संपली, चेन्नई आणि राजस्थान परत आले, आणि पुणे व राजकोट पुसले गेले. न्याय कसा पाहा! ज्यांना शिक्षा झाली होती त्यांची घरे शाबूत; ज्यांचा काही अपराध नव्हता त्यांचे छप्पर उतरवले. यापुढची गंमत तर नाटककारालाही सुचली नसती. त्याच वर्षी कावेरीच्या पाण्यावरून तामिळनाडूत आंदोलन पेटले आणि चेन्नईचे घरचे सामने हलवावे लागले. कुठे? पुण्याला! ज्या गहुंज्याच्या मैदानावर आदल्या वर्षी उपविजेते खेळले, तिथे आता पिवळ्या सदऱ्यांचा महासागर उसळला; चेन्नईहून रसिकांसाठी खास आगगाडी आली; आणि त्या वर्षीचा चषक चेन्नईने नेला. धोनी तोच, मैदान तेच, टाळ्या वाजवणारे पुणेकरही बरेचसे तेच असणार. फक्त पुणे तेवढे नव्हते.

आणि मालक? त्यांनी २०२१ मध्ये ७०९० कोटी रुपये मोजून लखनौचा संघ घेतला. त्याचे नाव 'लखनौ सुपर जायंट्स'. पुन्हा अनेकवचनी! आडनाव मालकाबरोबर गेले. पुणे हे नुसते पाळण्यातले नाव होते, ते पाळण्यातच राहिले.

इथे शहाण्यांचा पहिला आक्षेप येतो: करार दोन वर्षांचाच होता, सगळ्यांना ठाऊक होते, यात फसवणूक कुठे आहे? फसवणूक झाली असे मी कुठे म्हणतो? कायद्याने सगळे चोख आहे. माझा प्रश्न निराळा आहे. दोन वर्षांनी उठवायचे दुकान मांडताना त्याच्या पाटीवर एका शहराचे नाव लिहिण्याची परवानगी कोणी दिली? लोकांच्या गावाभिमानावर तिकिटे विकायची, सदरे विकायचे, आणि मुदत संपल्यावर तो अभिमान कुणाच्या खात्यात जमा करायचा? मंडपवाल्याचा मंडप दोन दिवसांचा असतो हे मान्य. पण मंडपवाला त्यावर यजमानाच्या आजोबांचे नाव कोरत नाही.

दुसरा आक्षेप असा की खेळाडूंचे काही बिघडले नाही. बहुतेकांना दुसरे संघ मिळाले, उनाडकटला तर पुढच्याच लिलावात साडेअकरा कोटी मिळाले. छान झाले, खेळाडूंच्या पोटावर पाय यावा असे कोणाला वाटते? पण संघ म्हणजे खेळाडूंची बेरीज, हे गणित कुठले? ती माणसे आठ दिशांना गेली आणि ती एक धाव कोणाचीच राहिली नाही. तिचा वारस कोण? 'ती धाव मला काढायची आहे' असे म्हणत सरावाला येणारा एकही मुलगा आता उरला नाही.

माझे हे म्हणणे पुस्तकी वाटत असेल, तर आमच्याकडचीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या मुलींचा खो-खो संघ जिल्ह्यात दुसरा आला. मी तेव्हा तिथे शिकवत होतो. मुली बहुतेक धडगाव-मोलगीकडच्या, डोंगर उतरून आलेल्या, पायात वारा भरलेल्या. अंतिम सामना थोडक्यात गेला. परतीच्या एस.टी.त त्या रडल्या आणि शहाद्याच्या स्थानकावर भजी खाऊन पुन्हा हसू लागल्या, कारण त्यांनीही तेच वाक्य उच्चारले होते. पुढच्या वर्षी व्यवस्थापकांनी संघ पाठवलाच नाही. 'दुसऱ्याच येणार असतील तर भाड्याचा खर्च कशाला?' हे त्यांचे शब्द. मी भांडलो, निकाल बदलला नाही. त्या संघातल्या एका मुलीने शाळा उघडल्याच्या आठवड्यात मला विचारले होते, "गुरुजी, यंदा कधी जायचे?" दिवाळीनंतर ती आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेली, हजेरीपटावर तिच्या नावापुढे फुल्या पडत गेल्या. तो संघ गेला असता तर ती थांबली असती, असे मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण थांबायला तिच्याजवळ एक कारण होते, ते आम्ही मोठ्यांनी काढून घेतले. आमच्या जिल्ह्यात पुढचे वर्ष कोणालाच फुकट मिळत नाही. म्हणून ते कोणी काढून घेतले की मला राग येतो, मग घेणारा कोलकात्याचा असो की गल्लीतला.

आता कोणी म्हणेल की धंदेवाईक खेळात हे असेच चालायचे. का म्हणून? कबड्डीची प्रो लीग काय धर्मादाय आहे? तिथेही मालक आहेत, लिलाव आहेत, जाहिराती आहेत. तिथे पुण्याचाच एक संघ आहे, 'पुणेरी पलटण'. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत अंतिम सामन्यात तो जयपूरकडून ३३-२९ असा हरला. चार गुणांनी उपविजेता. पण या उपविजेत्याचे पुढचे वर्ष कोणी नेले नाही. बी. सी. रमेश हेच प्रशिक्षक राहिले. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार कर्णधार झाला. आणि १ मार्च २०२४ रोजी त्यांनी हरियाणाला २८-२५ असे नमवून चषक उचलला. आणि कुठे उचलला? हैदराबादेत! ज्या शहरात क्रिकेटच्या पुण्याची एक धाव हरवली, तिथेच कबड्डीच्या पुण्याला तीन गुण जास्त सापडले. फरक नशिबाचा नव्हता. एकाला पुढचे वर्ष मिळाले, दुसऱ्याला मिळाले नाही.

रणजीचेच पाहा. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा दोनदा रणजी करंडक जिंकला. त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ असा तीनदा अंतिम सामना गाठला आणि तीनदा उपविजेते ठरलो. शेवटचा पराभव कर्नाटकाकडून, आणि तोही त्याच उप्पलच्या मैदानावर! ऐंशीहून अधिक वर्षे हा करंडक आमच्याकडे नाही. म्हणून महाराष्ट्राचा संघ मोडीत काढा असे कोणी म्हणाले का? उलट केदार जाधवने त्या २०१३-१४ च्या हंगामात बाराशेहून अधिक धावा केल्या, हे आजही लोक सांगतात. कारण सांगायला एक चालू असलेली गोष्ट आहे.

आणि आमची कुस्ती! महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत जो पडतो त्याला आम्ही काय म्हणतो? 'उपमहाराष्ट्र केसरी'. तो किताब त्याच्या नावामागे लागतो, गावच्या कमानीवर झळकतो, लग्नाच्या पत्रिकेत छापला जातो. लाल मातीने ही गोष्ट केव्हाच ओळखली आहे: ज्याची पाठ आज लागली, तो उद्या आखाड्यात आला नाही तर जिंकणारा लढणार कोणाशी?

एक मित्र मला म्हणाले, शेतकरी कापसाच्या भावाने मरतो आहे आणि तुम्ही क्रिकेटच्या बुडालेल्या दुकानावर शाई सांडता! त्यांना मी विचारले, मग ते दुकान चालू असताना तुम्ही रात्री बारापर्यंत समोर का बसला होता? ते हसले. कापसाच्या भावावर मी दर वर्षी लिहितो आणि ते दर वर्षी वाचत नाहीत, हेही इथे नोंदवून ठेवतो.

माझी मागणी अवाच्या सवा नाही. ज्या संघाच्या छातीवर गावाचे नाव असेल, तो किमान दहा वर्षे बंद करता येणार नाही, असा नियम क्रिकेट मंडळाने करावा. मालकाला परवडत नसेल तर त्याने संघ विकावा, मालक बदलावा, रंग बदलावा, हवे तर वचनही बदलावे. गाव पुसू नये. ज्याला दोनच वर्षे खेळायचे आहे, त्याने खुशाल आपल्या कारखान्याचे नाव लावून खेळावे. तिसरे असे की, गहुंज्याच्या मैदानाच्या दर्शनी दारावर, आत जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा एक फळा लावावा. त्यावर 'उपविजेता, २०१७' असे लिहून खाली त्या रात्रीच्या अकरा जणांची नावे असावीत: रहाणे, त्रिपाठी, स्मिथ, धोनी, तिवारी, ख्रिश्चन, सुंदर, ठाकूर, उनाडकट, झॅम्पा, फर्ग्युसन. फळा सागवानी असण्याची गरज नाही. शाळेतला जुना चालेल. लावायला पुण्यात खिळे मिळत नसतील तर नंदुरबारहून मी स्वखर्चाने पाठवतो.